ड्रोनचे ४के व्हिडिओ लॅपटॉपवर अडखळतात. कोडेक पॅक टाकू की प्लेअर बदलू?

कोडेक पॅक, म्हणजे व्हिडिओ उलगडणाऱ्या कोडेकांचा गठ्ठा, अजिबात टाकू नका. तुम्ही लिहिलंय की गुहागरच्या शिमग्यात फोनवर घेतलेले पालखीचे व्हिडिओ नीट चालतात, ड्रोनचे मात्र अडखळतात, आवाज पुढे जातो आणि चित्र मागे राहतं. लॅपटॉप सहाव्या पिढीचा इंटेल आय-५, विंडोज १०. फोन आणि ड्रोनमधल्या या फरकातच बहुतेक उत्तर आहे.

फोनची फाइल बहुधा ८ बिट एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) असणार आणि ड्रोनची १० बिट; बिट जास्त म्हणजे रंगांच्या छटा जास्त. इंटेलच्या सहाव्या पिढीच्या ग्राफिक्समध्ये (२०१५) ८ बिट एचईव्हीसी डिकोड करणारं, म्हणजे दाबलेला व्हिडिओ उलगडणारं, सर्किट आहे, पण १० बिटची पूर्ण सोय सातव्या पिढीपासून आली. त्यामुळे ड्रोनच्या फाइलचा भार प्रोसेसरवर येतो आणि ४केला तो पुरत नाही.

आधी खात्री करा. मीडियाइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये फाइल उघडून ‘बिट डेप्थ’ची ओळ बघा. मग व्हिडिओ चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, तिथे जीपीयू, आणि ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख बघा. तो शून्यावर आणि सीपीयू नव्वदच्या वर असेल, तर काम प्रोसेसरच करतोय. फोनची फाइल लावूनही सीपीयू तसाच चढत असेल, तर हार्डवेअर डिकोडिंग (ग्राफिक्सच्या सर्किटकडून डिकोड करून घेणं) बंद आहे. व्हीएलसीत टूल्स, प्रेफरन्सेस, इनपुट/कोडेक्स इथे जाऊन ते ‘ऑटोमॅटिक’ करा आणि इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर नवा टाका.

प्लेअरपैकी मी तुम्हाला एमपीव्ही सुचवेन. कंट्रोल आणि एच दाबलं की हार्डवेअर डिकोडिंग चालू-बंद होतं, आय दाबलं की किती फ्रेम गळल्या ते पडद्यावर दिसतं. दोष कुठे आहे ते असं लगेच कळतं. मेनूची सवय असेल तर एमपीसी-एचसी घ्या, त्यात एलएव्ही फिल्टर, म्हणजे डिकोड करणारे भाग, आधीच आहेत. व्हीएलसी, एमपीव्ही आणि हा, तिघेही आपापले डिकोडर सोबत आणतात. कोडेक पॅक विंडोजच्या फिल्टरमध्ये ढवळाढवळ करतो, व्हीएलसी आणि एमपीव्ही तिकडे बघतसुद्धा नाहीत.

मात्र १० बिट ४के तुमच्या मशीनवर कोणताही प्लेअर सुरळीत चालवेल, असं मी सांगणार नाही. पक्का उपाय म्हणजे बघण्यासाठी वेगळी प्रत काढणं. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्राममध्ये ‘फास्ट १०८०पी३०’ प्रीसेट घ्या. एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबणारा भाग, एच.२६४ (एक्स२६४) ठेवा, आरएफ (दर्जाचा आकडा) २०, आणि मूळ फाइल ६० फ्रेमची असेल तर फ्रेमरेट ‘सेम अॅज सोर्स’ करा. यादीत एच.२६४ १० बिटही दिसेल. तो निवडू नका, कारण तो डिकोड करणारं सर्किट तुमच्या लॅपटॉपमध्ये नाही आणि पुन्हा तीच रड सुरू होईल. मूळ फाइल मात्र जपून ठेवा, पुढे एडिटिंगला १० बिटचे रंग लागतात.

व्हिडिओ पहिली दहा मिनिटं बरा चालून मग अडखळत असेल, तर तापमान तपासा. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग ‘बेस स्पीड’च्या खाली उतरलेला दिसेल. किनाऱ्यावरच्या दमट, खाऱ्या हवेत पंख्याच्या जाळीत धूळ चिकटून बसते. ती साफ करून घ्या, थर्मल पेस्टही बदला. प्रोसेसरवर डिकोड झालं की बॅटरीही भराभर उतरते. पावसाळ्यात दिवे गेल्यावर बघायचं असेल, तर एच.२६४ची प्रतच सोयीची.

दशावताराच्या जुन्या कॅमकॉर्डर टेपवरून उतरवलेल्या फाइलींत हलत्या कडांवर कंगव्यासारखे दाते दिसतात म्हणताय, तो दोष डिकोडरचा नव्हे. ती इंटरलेस्ड फाइल आहे, म्हणजे प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत साठवलेलं. व्हीएलसीत किंवा एमपीव्हीत डी दाबा, डीइंटरलेस चालू होऊन दाते जातील.