टाळेबंदीत बियाणे, खत, चारा आणि सुटे भाग : शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

शेतकरी बंधू-भगिनींनो,

कोरोनाच्या साथीमुळे २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली, त्या काळात आपण पाठवलेल्या प्रश्नांचा सूर बहुतांशी एकच होता. दुकान ठरावीक वेळेपुरते उघडायचे, तेथे हवी ती वस्तू मिळेलच असे नव्हते, आणि पीक व जनावरे मात्र कोणासाठीही थांबत नाहीत. त्यांपैकी वारंवार आलेल्या प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

उत्तरांकडे वळण्यापूर्वी एक विनंती आहे. दुकानात काय मिळते याची चौकशी करण्याआधी आपल्या घरात काय आहे ते मोजावे. एक वही घेऊन कोठार, गोठा आणि औषधांची फळी नीट पाहावी आणि प्रत्येक वस्तूपुढे ती किती दिवस पुरेल ते लिहावे. पंधरा दिवसांत संपणारी वस्तू वेगळी, महिनाभर पुरणारी वेगळी आणि या हंगामात नसली तरी चालणारी वेगळी, अशी विभागणी केली की प्रत्यक्ष खरेदीची यादी बहुतेक वेळा मनातल्या यादीपेक्षा बरीच लहान निघते. मिळते आहे तोवर घेऊन ठेवू, या भीतीने केलेली खरेदी दुहेरी नुकसान करते. युरिया हवेतील ओलावा ओढून दगडासारखा घट्ट होतो, बियाण्याची उगवणशक्ती घटते, कीटकनाशकाची मुदत संपते. आणि ज्याला आज खरोखर गरज आहे तो शेजारी रिकाम्या हाताने परततो.

प्रश्न : नेहमीचे सोयाबीन बियाणे मिळत नाही. मागील हंगामातील सोयाबीन घरात आहे. तेच पेरले तर चालेल का?

उत्तर : चालेल, परंतु उगवणशक्ती तपासल्याशिवाय नाही. सोयाबीन हे स्वपरागसिंचित, म्हणजे स्वतःच्याच परागकणांनी फळणारे पीक असल्यामुळे सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचे घरचे बियाणे पुढील हंगामातही त्याच गुणधर्मांचे पीक देते. संकरित मका, संकरित कापूस किंवा संकरित भाजीपाला यांचे तसे नाही. त्यांचे घरी राखलेले बियाणे पेरल्यास झाडे उंचीला, पक्वतेला आणि उत्पादनाला असमान निघतात, म्हणून कितीही अडचण असली तरी तो मार्ग धरू नये. संकरित बियाणे मिळत नसेल तर त्या क्षेत्रापुरते सरळ वाण किंवा दुसरे पीक घेणे अधिक शहाणपणाचे ठरते.

सोयाबीनचा दाणा दिसतो तितका दणकट नसतो. त्याचे टरफल पातळ असते आणि अंकुर टरफलाला अगदी लागून असतो. मळणी यंत्राचे फेरे जास्त ठेवल्याने बसलेला मार किंवा पोते उंचावरून आपटल्याने झालेली इजा डोळ्यांना दिसत नाही. ती कळते उगवणीच्या वेळी, आणि तोवर पेरणी होऊन गेलेली असते. म्हणून पेरणीच्या किमान दहा-बारा दिवस आधी पुढीलप्रमाणे चाचणी घ्यावी.

प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठभर दाणे काढून एकत्र करावेत. फुटके दाणे बाजूला काढावेत, पण उरलेल्यांतून टपोरे दाणे वेचून घेऊ नयेत. हाताला येतील ते सलग १०० दाणे मोजावेत. गोणपाटाचा स्वच्छ तुकडा भिजवून, पिळून जमिनीवर पसरावा आणि त्यावर दहा-दहाच्या ओळींत, साधारण दोन सेंटीमीटर अंतराने दाणे मांडावेत. वरून दुसरा ओला तुकडा झाकून सैल गुंडाळी करावी आणि ती सावलीत ठेवून गोणपाट ओलसर राहील एवढेच पाणी रोज शिंपडावे. पाणी निथळत राहिले तर चांगला दाणाही कुजतो आणि चाचणी चुकते. पाचव्या दिवशी पहिली आणि आठव्या दिवशी शेवटची मोजणी करावी.

मोजणीत नेमकी चूक कोठे होते ते सांगतो. मागील आठवड्यात एका शेतकरी भगिनीने गुंडाळी उलगडून तिचे छायाचित्र पाठवले आणि १०० पैकी ८१ दाणे उगवले असे आनंदाने कळवले. छायाचित्र मोठे करून पाहिल्यावर काही मोड मला आखूड वाटले, म्हणून प्रत्येक मोड हातात घेऊन पुन्हा मोजण्यास त्यांना सांगितले. तेव्हा १९ मोडांची मुळे खुंटलेली, टोकाला तपकिरी पडलेली किंवा बीजदले (दाण्याच्या दोन डाळी) चिरलेली आढळली. असे मोड मातीतून वर येत नाहीत. म्हणजे खरी उगवण ६२ टक्के होती. ७० टक्के उगवणीला हेक्टरी ७५ किलो बियाणे धरले, तर ६२ टक्क्यांसाठी ७५ ला ७० ने गुणून ६२ ने भागावे. उत्तर सुमारे ८५ किलो येते. एवढे बियाणे त्यांच्याकडे होते, म्हणून त्यांना दुकानात जावे लागले नाही. उगवण ६० टक्क्यांच्या बरीच खाली असेल तर मात्र बियाण्याचे प्रमाण वाढवत बसू नये. असे बियाणे जोमानेही दुबळे असते, आणि पेरणीनंतर पाऊस लांबला किंवा जमिनीवर पापुद्रा धरला तर उगवण चाचणीपेक्षाही कमी होते.

बीजप्रक्रिया करताना, म्हणजे पेरणीपूर्वी बियाण्याला औषध चोळताना, बुरशीनाशक आधी लावावे आणि जिवाणू संवर्धक (मुळांवर गाठी धरणाऱ्या उपयुक्त जिवाणूंचे खत) सर्वांत शेवटी, सावलीत लावून त्याच दिवशी पेरणी उरकावी. संवर्धकाचे पाकीट मिळाले नाही म्हणून पेरणी अडवू नये. त्या शेतात अलीकडे सोयाबीन झाले असेल, त्याच्या मुळांवर भरपूर गाठी असतील आणि गाठ कापल्यावर आतून गुलाबी दिसत असेल, तर आवश्यक जिवाणू जमिनीत बहुधा आहेतच. प्रक्रिया केलेले बियाणे उरल्यास ते माणसांच्या किंवा जनावरांच्या खाण्यात कधीही येऊ देऊ नये.

प्रश्न : डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) खत कोठेच मिळत नाही. युरिया आणि सिंगल सुपर फॉस्फेट उपलब्ध आहे. त्यावर काम भागेल का?

उत्तर : पूर्णपणे भागेल. डीएपीमध्ये १८ टक्के नत्र (नायट्रोजन) आणि ४६ टक्के स्फुरद (फॉस्फरस) असते, म्हणजे ५० किलो डीएपीतून ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद मिळते. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद असल्याने तेवढ्या स्फुरदासाठी सुमारे १४५ किलो सुपर फॉस्फेट लागते, आणि युरियामध्ये ४६ टक्के नत्र असल्याने ९ किलो नत्रासाठी सुमारे २० किलो युरिया लागतो. गोण्यांचे वजन सगळीकडे सारखे नसते, म्हणून हिशेब गोण्यांत न करता किलोत करावा. या पर्यायात वाहतूक आणि अंगमेहनत वाढते हे खरे, परंतु सुपर फॉस्फेटमधून सुमारे ११ टक्के गंधक आणि त्याशिवाय कॅल्शियमही मिळते, जे डीएपीतून मिळत नाही. तेलबियांच्या पिकांना गंधकाचा उपयोग निश्चित होतो. त्या पिकांसाठी तर टाळेबंदी नसतानाही मी हाच पर्याय सुचवला असता.

एक काळजी अवश्य घ्यावी. युरिया आणि सुपर फॉस्फेट मिसळून ठेवल्यास मिश्रणाला पाणी सुटते आणि त्याचा चिखल होतो. म्हणून दोन्ही खते वेगवेगळी द्यावीत, किंवा लागेल तेवढेच मिश्रण शेतात करून लगेच वापरावे.

प्रश्न : पेंड आणि पशुखाद्य अनियमित मिळते. दोन दुभत्या गाई आहेत. वाळलेल्या चाऱ्यावर किती दिवस निघतील?

उत्तर : गाईला दररोज तिच्या वजनाच्या अडीच ते तीन टक्के कोरडा अंश (चाऱ्यातील पाणी वगळून उरणारा भाग) लागतो, म्हणजे ४०० किलो वजनाच्या गाईला १० ते १२ किलो. हिरव्या चाऱ्यात साधारण २० टक्के आणि वाळलेल्या चाऱ्यात साधारण ९० टक्के कोरडा अंश असतो. २० किलो हिरव्या चाऱ्याने पोट भरल्यासारखे दिसले तरी त्यातून प्रत्यक्षात चारच किलो कोरडा अंश मिळतो. आपल्याकडील दहा पेंढ्यांचे वजन करून सरासरी काढावी आणि संपूर्ण गंजीचा अंदाज बांधावा. समजा १००० किलो वाळलेला चारा आहे. त्यातून ९०० किलो कोरडा अंश मिळेल. प्रत्येक गाईला त्यातून रोज सहा किलो आणि उरलेला भाग हिरव्या चाऱ्यातून व खाद्यातून दिला, तर दोन गाईंना हा साठा ७५ दिवस पुरेल. हा आकडा वहीत लिहिलेला असला की चाऱ्यासाठीची धावपळ पुष्कळ कमी होते.

खाद्य संपत आले आहे असे दिसताच ते सात ते दहा दिवसांत हळूहळू कमी करावे. शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण मात्रा देऊन एकदम बंद करू नये. त्याहूनही धोक्याची गोष्ट म्हणजे खाद्य संपले म्हणून घरातील धान्य अचानक मोठ्या प्रमाणात घालणे. त्यामुळे पोटातील आम्लता वाढून जनावर दगावू शकते.

वाळलेला चारा भरपूर आणि प्रथिनांची टंचाई, अशी स्थिती असेल तर गव्हाच्या किंवा भाताच्या काडावर युरियाची प्रक्रिया करावी. १०० किलो काडासाठी चार किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावा, काडाचे थर देत हे द्रावण झारीने सारखे शिंपडावे, थर तुडवून घट्ट करावेत आणि प्लॅस्टिकच्या कागदाने हवाबंद झाकून २१ दिवस ठेवावेत. झाकण उघडल्यावर अमोनियाचा उग्र वास येतो, म्हणून रोज लागेल तेवढाच चारा काढून तासभर पसरून ठेवावा आणि सुरुवातीला नेहमीच्या चाऱ्यात थोडा-थोडा मिसळून द्यावा. बुरशी आलेला भाग टाकून द्यावा. सहा महिन्यांखालील वासरांना हा चारा देऊ नये. घोडा व गाढव यांना तर कधीच देऊ नये. युरियाचे पाणी जनावराच्या तोंडाशी राहता कामा नये. ते जनावराने प्यायले तर विषबाधा होते, म्हणून काम संपताच बादली, झारी आणि उरलेले द्रावण यांची व्यवस्था स्वतः उभे राहून करावी. हे काम मुलांवर सोपवू नये.

प्रश्न : फवारणीसाठी लागणारा मुखवटा मिळत नाही. घरात कापडी मास्क आहेत. ते चालतील का? शिवाय गाव निर्जंतुक करण्यासाठी आमचे पंप मागितले जात आहेत.

उत्तर : कापडी मास्क बोलताना व खोकताना उडणारे थेंब अडवण्यासाठी आहे. कीटकनाशकाची वाफ आणि बारीक तुषार तो अडवत नाही. उलट औषधाने भिजलेला कापडी मास्क ते विष नाकातोंडाशी धरून ठेवतो. लेबलवर जे संरक्षक साधन सांगितले आहे ते नसेल तर ते औषध फवारू नये. प्रत्यक्ष शेतात फिरून किडीची संख्या नुकसानीच्या पातळीपर्यंत पोहोचली आहे का ते पाहावे. अनेकदा फवारणी चार दिवस पुढे ढकलता येते किंवा कमी विषारी औषधावर भागते. तसेच सॅनिटायझरने हात चोळल्याने कीटकनाशक निघत नाही. त्यासाठी साबण आणि पाणीच हवे.

पंपाबाबत माझे मत स्पष्ट आहे. माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारू नये. कोणत्याही परिस्थितीत तशी शिफारस करता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये सांगितले आहे. मोकळ्या रस्त्यांवरील फवारणीचाही उपयोग होत नाही. त्यातच वर्षानुवर्षे कीटकनाशकासाठी वापरलेल्या टाकीत अंश शिल्लक असतो आणि तो लोकांच्या दारापर्यंत जातो. अशा फवारणीत वापरल्या जाणाऱ्या सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकामुळे पंपाचे धातूचे भाग गंजतात, आणि ते आम्लाशी मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो. पंप देण्यास नम्रपणे नकार द्यावा आणि दाराच्या कड्या, हातपंपाचा दांडा अशा सतत हात लागणाऱ्या जागा साबणाच्या पाण्याने पुसण्याचे सुचवावे.

प्रश्न : यंत्राचा पट्टा तुटला. दुकानदार फोनवर नंबर विचारतो आणि पट्ट्यावरील अक्षरे पुसली गेली आहेत.

उत्तर : अशी लहान वस्तूच या काळात सर्वाधिक अडवते, म्हणून तुटण्याआधीच सर्व पट्ट्यांचे आणि बेअरिंगांचे नंबर वहीत उतरवून ठेवावेत. पट्ट्यावर ‘बी ५४’ असे लिहिलेले असेल तर ‘बी’ हा त्याच्या छेदाचा (आडव्या कापाच्या आकाराचा) प्रकार आहे आणि ५४ ही आतील लांबी इंचांत आहे. अक्षरे पुसली असतील तर तुटलेला पट्टा सरळ ताणून आतल्या, म्हणजे अरुंद बाजूने सुतळी लावून लांबी मोजावी आणि वरची रुंदीही मोजावी. सुमारे १७ मिलिमीटर भरली तर पट्टा ‘बी’ प्रकारचा आहे. दोन्ही मापे आणि पट्ट्याच्या छेदाचे छायाचित्र पाठवल्यास एकाच फेरीत योग्य वस्तू मिळते. नोझल, वॉशर आणि चाळणी यांचा एकेक जादा संच घेऊन ठेवणे ही साठेबाजी नव्हे.

प्रश्न : खरेदीला आणि यंत्राच्या देवाणघेवाणीला किती माणसांनी जावे?

उत्तर : पाच-सहा घरांनी याद्या एकत्र करून एकानेच जावे, आणि निघण्यापूर्वी दूरध्वनीवरून साठ्याची खात्री करावी. पिशवीची शिलाई, लेबल, लॉट क्रमांक आणि मुदत तेथेच पाहून पावती प्रत्येकाच्या नावाने स्वतंत्र घ्यावी, कारण पुढे उगवणीची तक्रार करावी लागल्यास दुसऱ्याच्या नावाची पावती उपयोगी पडत नाही. रिकामी पिशवी, लेबल आणि मूठभर बियाणे कापणी होईपर्यंत जपून ठेवावे. कीटकनाशक मूळ बंद बाटलीतच घ्यावे; एक बाटली अनेकांनी पाण्याच्या बाटल्यांत वाटून घेण्याचा प्रकार कटाक्षाने टाळावा. जनावरांची लस आणायची असल्यास ती दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे, म्हणून बर्फाचा डबा सोबत न्यावा, पण लस बर्फाला थेट टेकू देऊ नये, कारण अनेक लसी गोठल्यास निकामी होतात.

ट्रॅक्टर किंवा मळणी यंत्र एका शेतातून दुसरीकडे जाताना सुकाणू, गिअरचा दांडा आणि दाराची मूठ साबणाच्या पाण्याने पुसावी. ताप किंवा खोकला असलेल्या व्यक्तीने, काम कितीही तातडीचे असले तरी, यंत्रावर बसू नये. त्यांच्या शेताचे काम इतरांनी मिळून उरकावे.

पुढील प्रश्न पाठवताना पीक, क्षेत्र, पेरणीची तारीख आणि घरात शिल्लक असलेला साठा किलोमध्ये लिहावा. पिकाच्या रोगाबाबत विचारायचे असल्यास पानाच्या दोन्ही बाजूंचे आणि संपूर्ण झाडाचे, अशी वेगवेगळी छायाचित्रे दिवसाच्या उजेडात काढून जोडावीत.