घरी व्हिडिओ लावून विन्यास: सुरुवातीला एवढंच

विन्यास म्हणजे श्वासाच्या लयीत एका आसनातून दुसऱ्यात जाण्याचा योगप्रकार. साताऱ्यात घराजवळ त्याचा क्लास नाही म्हणून अडू नका. औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, ज्याचा प्रसार केला तो सूर्यनमस्कार येत असेल, तर निम्मा पाया तयारच आहे.

१५-२० मिनिटांचा एकच व्हिडिओ निवडा. आधी नुसता बसून पाहा, मग दोन आठवडे तोच करा. रोज नवा शोधत बसणं ही पहिली चूक.

- फरशीवर सतरंजी घसरते; रबरी मॅट घ्या.
- अधोमुख श्वानासनात (हात-पाय जमिनीवर, कंबर वर) मान वळवून मोबाइल बघू नका, सूचना ऐका. पाठ गोल होत असेल तर गुडघे वाकवा. टाचा टेकल्या नाहीत तरी चालतं!
- चतुरंगात (कोपरं वाकवून शरीर जमिनीला समांतर धरायचं आसन) खांदे कोपरांच्या खाली गेले की खांद्यांवर ताण येतो. गुडघे टेका, कोपरं बरगड्यांजवळ ठेवा.

धाप लागली की व्हिडिओ थांबवा. शीर्षासन इतक्यात नको.