किल्टखालचं अस्तर : घ्यायचं कसं, शिवायचं कसं

प्रश्न : एडिंबरात मित्राच्या लग्नाला भाड्याचा किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुष नेसतात तो चुण्यांचा लोकरी घागरा, नेसायचा आहे. याआधी एकदा नेसला तेव्हा मांड्यांना लोकर दिवसभर टोचत होती. दुकानदार म्हणतो, किल्टला आतून अस्तर असतंच. मग वेगळं अस्तर कशाला?

उत्तर : दुकानदार खोटं बोलत नाही, पण ते अस्तर तुमच्यासाठी नसतं. ते कमरेपासून साधारण वीतभरच खाली येतं आणि आतलं कॅनव्हास झाकतं. चुण्यांचं जास्तीचं कापड जिथे कापलेलं असतं तो भागही त्याखाली जातो. त्याच्या खाली नुसती लोकर असते आणि बसल्यावर मांड्या तिच्यावरच घासतात. लोकरीचा साधारण 30 मायक्रॉनपेक्षा जाड तंतू त्वचेवर वाकत नाही, त्याचं टोक रुततं. किल्टची लोकर घट्ट पिळाची असते, त्यामुळे ते जास्तच जाणवतं.

त्यावर उपाय म्हणजे सुटं अस्तर. साडीखाली परकर जे काम करतो तेच याचं काम आहे, फक्त हे पातळ असतं, गुंडाळायचं असतं आणि कमरेला चुण्या नसतात. आत अंडरवेअर घालायचीच. ‘खरा स्कॉटिश माणूस आत काही घालत नाही’ ही समजूत मनावर घेऊ नका. टार्टन, म्हणजे किल्टच्या चौकड्यांच्या कापडाशी संबंधित असलेल्या ‘स्कॉटिश टार्टन्स ऑथॉरिटी’ या संस्थेच्या संचालकांनीच 2010 साली ती पद्धत पोरकट आणि अस्वच्छ असल्याचं सांगितलं होतं. तोच किल्ट उद्या दुसरं कोणी नेसणार असतो, एवढं लक्षात घेतलं तरी पुरे.

प्रश्न : तयार हाफ-स्लिप, म्हणजे कमरेपासून खाली येणारा पातळ तयार परकर, विकत घेतली तर चालेल का?

उत्तर : चालवून घेता येते, पण बहुतेक तयार स्लिपमध्ये तीन उणिवा असतात. एक, कमरेला इलॅस्टिक असतं. किल्टची कंबर अंगाला घट्ट बसते, त्यामुळे इलॅस्टिकच्या सुरकुत्या पट्ट्याखाली दाबल्या जाऊन संध्याकाळपर्यंत कमरेवर वळ उठतो. दोन, घेर बंद आणि अरुंद असतो, मोठं पाऊल टाकलं की ती मांड्यांवर चढते. तीन, कापड पॉलिस्टरचं असतं. लोकर आणि पॉलिस्टर एकमेकांवर घासले की विरुद्ध विद्युतभार तयार होतो आणि हीटर लावलेल्या कोरड्या खोलीत चुण्या पायांना चिकटतात. नायलॉनचा हा त्रास कमी होतो, पण ते घाम टिपत नाही.

घ्यायचीच असेल तर सुती किंवा क्युप्रोची घ्या आणि दोन्ही बाजूंच्या शिवणी खालून 25 सेंमी उसवून कडा दुमडून शिवा. क्युप्रो कापसाच्या सरकीवरच्या आखूड तंतूंपासून बनतं. घाम टिपूनही ते लोकरीवरून सरकतं, म्हणून आमची पहिली पसंती त्यालाच. आमचा सल्ला मात्र शिवण्याचाच आहे. साधी शिलाई येणाऱ्याला हे एका दुपारचं काम आहे.

प्रश्न : घरी शिवायचं तर माप, कापड आणि कृती सविस्तर द्याल का?

उत्तर : माप पँटच्या कमरेवर घेऊ नका. किल्ट बेंबीच्या उंचीवर बसतो, तिथलं माप घ्या. नितंबांचा सर्वांत रुंद घेर घ्या. किल्टची लांबी कमरपट्टीच्या वरच्या कडेपासून खालपर्यंत मोजा. उदाहरणासाठी कंबर 90, नितंब 104 आणि किल्टची लांबी 60 सेंमी धरू.

तयार अस्तराची लांबी 54 ठेवायची, म्हणजे किल्टपेक्षा 6 सेंमी कमी. दोन-तीन सेंमीच कमी ठेवली तर जिना चढताना ते खाली डोकावतं. रुंदी नितंबांच्या मापात 36 सेंमी मिळवून 140. हे 36 सेंमी पुढे एकावर एक येतात आणि चालताना तिथेच वाट मिळते. शिवणीचं धरून 144 बाय 57 सेंमीचा तुकडा लागतो. 112 सेंमी पन्ह्याचं कापड 1.6 मीटर पुरेल. पन्हा 150 चा मिळाला तर तेवढ्यात दोन अस्तरं बसतात.

सुती घेतलं तर मलमल, लॉन किंवा व्हॉइल घ्या. पॉपलिन जड पडतं. रंग किल्टच्या गडद रंगाशी जुळवा : ‘ब्लॅक वॉच’ या गडद निळ्या-हिरव्या चौकड्यांखाली नेव्ही, ‘रॉयल स्टुअर्ट’ या लाल चौकड्यांखाली गडद मरून. पांढरं अस्तर वळताना लांबूनही दिसतं. कापड कापण्याआधी धुवायलाच हवं. सुती कापड तीन ते पाच टक्के आटतं. शिवाय गडद रंग घामाने उतरून लोकरीला लागतो, म्हणून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा.

144 ची बाजू कापडाच्या लांबीत घ्या. उभा धागा कमरेभोवती आला की कंबर ताणून सैल होत नाही. दोन्ही टोकांना दोन सेंमी दुहेरी दुमडून शिवा. आता कमरेचे टक्स, म्हणजे कापड चिमटीत धरून निमुळते शिवायचे दुमडे. वर 126 सेंमी हवेत (90 अधिक 36), तेव्हा 14 सेंमी कमी करायचे. तुकड्याचा मध्य पाठीच्या कण्यावर येतो. त्याच्या दोन्ही बाजूंना 10 सेंमीवर एकेक आणि 26 सेंमीवर एकेक, असे साडेतीन सेंमी रुंदीचे चार टक्स घाला. मागचे 14 सेंमी खोल, बाजूचे 12. शिलाईचा शेवट अगदी निमुळता करा आणि उलट शिलाई न मारता दोऱ्याची गाठ मारा, नाहीतर नितंबावर टोक फुगतं. टाका 2 ते 2.5 मिमीचा, सुई 70 नंबरची.

वरची कड बाहेरच्या बाजूला 1 सेंमी दुमडा, म्हणजे कापलेले धागे अंगाला लागत नाहीत. तिच्यावर 2 सेंमी रुंद सुती फीत ठेवून दोन्ही काठांवर शिलाई मारा. खालची कड दुहेरी दुमडून 1 सेंमीची शिवा. लेस नको, ती लोकरीत अडकते. नाडीही नको, तिची गाठ पट्ट्याखाली रुतते. पँटचे चपटे हुक लावा, आतल्या टोकाला एक आणि बाहेरच्या टोकाला एक. प्रत्येकासाठी 2 सेंमीच्या अंतराने दोन कड्या बसवल्या की जेवणानंतर सैल करता येतं.

नेसताना बाहेरचं टोक डावीकडून उजवीकडे यायला हवं, पुरुषांच्या किल्टचा पुढचा पदर येतो तसंच. उलट नेसलं तर किल्ट आणि अस्तर चालताना विरुद्ध दिशांना उघडू पाहतात.

प्रश्न : मी शिवलेलं अस्तर डाव्या कमरेला टोचतं, आणि बसून उठलं की मागच्या चुण्या दुमडलेल्याच राहतात. कुठे चुकलं?

उत्तर : आधी टोचण्याचं. किल्ट आतून पाहा. खालच्या पदराचा चामडी पट्टा डाव्या बाजूच्या चिरेतून बाहेर येऊन बकलात जातो, त्यामुळे तिथे चामडं, लोकर आणि बकल एकावर एक असतात. तुमचा हुक नेमका त्याच्यावर आला असणार. तो बकलापासून किमान 5 सेंमी पुढे सरकवा.

चुण्या अडकतात तेव्हा कापड खरखरीत तरी असतं किंवा नितंबावर घट्ट तरी. अस्तर नेसून खुर्चीवर बसा. पुढची दोन टोकं 20 सेंमीपेक्षा कमी एकावर एक राहत असतील तर ते घट्ट आहे, टक्स थोडे आखूड करा. तेवढ्याने भागलं नाही तर तुकडा मुळातच अरुंद कापला गेला आहे. माप बरोबर असेल तर दोष कापडाचा, तेव्हा नवीन क्युप्रोचं शिवा. कांजी तर लावूच नका. आणि बसताना हाताची मागची बाजू चुण्यांवरून खाली फिरवायची सवय ठेवा, ते कोणतंच अस्तर तुमच्यासाठी करणार नाही.

प्रश्न : अस्तर किल्टलाच शिवून टाकलं तर?

उत्तर : कृपया नको. चुण्या नितंबापर्यंतच शिवलेल्या असतात आणि खाली मोकळ्या झुलाव्यात यासाठीच कारागिराने ते सगळं मोजून केलेलं असतं. अस्तर शिवलं की ते झुलणं जातं. शिवाय अस्तर दर वेळी धुवायचं असतं आणि किल्ट क्वचितच ड्राय-क्लीन करायचा असतो. घाम अस्तरात राहिला की किल्टला एक रात्र कमरपट्टीला चिमटे लावून हवेशीर टांगून ठेवणं पुरतं. कसरीच्या अळ्याही घाम लागलेल्या लोकरीवर जास्त तुटून पडतात, तेव्हा हे जपणं किल्टच्या आयुष्यासाठीही आहे.

प्रश्न : हायलँड गेम्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या पारंपरिक मैदानी खेळांत, गोळाफेक करायची आहे. हेच अस्तर चालेल?

उत्तर : नाही. फेकताना कंबर गर्रकन फिरते आणि किल्ट उडतो, तिथे अस्तर झाकतही नाही आणि पायांत मात्र येतं. गुडघ्याच्या चार बोटं वर संपणाऱ्या गडद रंगाच्या तंग शॉर्ट्स घाला. हायलँड नृत्यालाही अस्तर नको, किल्टशी जुळणारी गडद चड्डी हवी. पाइप बँडसोबत (बॅगपाइप वाजवणाऱ्या पथकासोबत) संचलन करायचं असेल तर मात्र वर सांगितलेलं अस्तरच योग्य.