खाडीत नेलेल्या बोटीच्या ट्रेलरचं चाक किरकिरतं आणि इंजिनाची पाण्याची धार बारीक झाली आहे, काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात राहता, 14 फुटी फायबर बोट, 15 एचपी टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे लावायचं इंजिन) आणि एका एक्सलचा ट्रेलर जुना घेतला. दोन महिने शनिवार-रविवार जिताडा मासा धरायला खाडीत जाताय. आता ट्रेलरचं डावं चाक किरकिरतं आणि इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची धार पूर्वीपेक्षा बारीक झाली आहे.

ट्रेलर आधी बघा. धार बारीक झाली तर इंजिन तापेल, बंद कराल. बेअरिंग पकडलं तर घोडबंदर रोडवर चाक सुटेल आणि मागून येणाऱ्या दुचाकीवर जाईल. बेअरिंग बघेपर्यंत ट्रेलर हलवू नका.

चाक जॅकवर उचला. वर आणि खाली हात धरून हलवा. टकटक जाणवली तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला आहे. मग एक हात कमानपाट्यावर (एक्सलच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगवर) ठेवून दुसऱ्याने चाक फिरवा. चांगलं बेअरिंग हाताला कळतच नाही, गंजलेलं असेल तर पाट्यात खरखर येते. किरकिर आहे म्हणजे बहुतेक नवं घालावं लागेल, पण उघडल्याशिवाय ठरवू नका.

हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याची, टोपी काढा, स्प्लिट पिन, मग खाचेचा नट, मग बाहेरचं बेअरिंग. ग्रीस मधासारखं तपकिरी असेल तर ठीक. चहात दूध घातल्यासारखं झालं असेल तर आत पाणी गेलंय. बेअरिंग डिझेलने धुवा, वाळवा आणि उजेडात बघा. रोलरवर निळसर झाक म्हणजे तापलं होतं. टाचणीच्या टोकाएवढे खड्डे म्हणजे गंज. दोन्हीपैकी काहीही दिसलं तर बदला, आणि नुसतं बेअरिंग नाही, हबमध्ये ठोकून बसवलेली बाहेरची कडीसुद्धा. जुन्या कडीत नवे रोलर घातले की महिन्याभरात तोच आवाज परत येतो. नंबर बेअरिंगच्या कडेवर कोरलेला असतो. जुना तुकडा घेऊन मुंबईत नागदेवी स्ट्रीटला गेलात तर जोड मिळते. मागचं ऑईल सील मात्र प्रत्येक वेळी नवंच, त्यात काटकसर नको.

ग्रीस पाण्यात टिकणारं मरीन ग्रीस घ्या. जुनं पूर्ण पुसून मगच नवं भरा, कारण दोन जातींची ग्रीस मिसळली की कधी कधी पातळ होऊन वाहून जातात. तळहातावर गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत राहा, ग्रीस दुसऱ्या बाजूने रोलरांच्या मधून बाहेर येईपर्यंत. रस्त्यावरच्या ट्रेलरला हबची पोकळी अर्धी रिकामी ठेवतात. पाण्यात जाणाऱ्या ट्रेलरला मी जवळजवळ पूर्ण भरा म्हणेन, जागाच नसेल तर पाणी शिरणार कुठे?

नट आवळताना चाक फिरवत राहा, घट्ट होईपर्यंत. मग पाव फेरा सैल करा, पुन्हा फक्त बोटांनी टेकवा आणि जवळच्या खाचेत नवी पिन घाला. खाच जुळत नसेल तर सैल बाजूला जा, घट्ट बाजूला नको. पहिल्या 10 किलोमीटरनंतर थांबून हबला हात लावा. कोमट चालेल. हात ठेवता आला नाही तर नट जास्त आवळला आहे.

आता हे झालं कशामुळे. रस्त्यावरून आलेला हब गरम असतो, आतली हवा फुगलेली असते. तो थेट पाण्यात घातला की हवा एकदम आकसते आणि सीलच्या ओठातून खाडीचं पाणी आत ओढलं जातं. म्हणून धक्क्यावर पोचल्यावर 20 मिनिटं थांबा. गळ जोडा, लाईफ जॅकेट घाला, ड्रेन प्लग (बोटीतलं पाणी सोडायच्या भोकाचं बूच) लावला का बघा (हा विसरणाऱ्यांची संख्या कमी नाही). ट्रेलरच्या दिव्यांची पिनही काढा; गरम बल्ब पाण्यात फुटतो, एलईडी असले तरी पिनेच्या टोकांना हिरवा गंज चढतो. हबला स्प्रिंगवाली ग्रीस टोपी बसवली असेल तर तिच्यात जपून पंप करा. जोरात मारलंत तर मागचं सील बाहेर ढकललं जातं आणि पाण्याला वाट तुम्हीच करून देता.

इंजिनाकडे येऊ. धार बारीक झाली की सगळे लगेच इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप उघडतात. त्याआधी धारेचं भोक बघा. ठाण्याच्या खाडीत मिठाइतकाच गाळही इंजिन खातो. तो तिथे सुकून बसतो. जाड नायलॉन दोरीचा तुकडा भोकात दोन-तीन इंच सरकवून फिरवा. तार घालू नका, आतली रबरी नळी फाटते. मग खालच्या पाण्याच्या जाळ्या बघा, प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा अडकलेला सापडला तरी नवल नाही. एवढं करूनही धार तशीच असेल तर इम्पेलर, म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं रबरी पाकळ्यांचं चक्र.

जुनी बोट घेतली असेल तर तसाही इम्पेलर बदलाच, कारण आधीच्या मालकाने कधी बदलला ते कागदावर नसतं. गढूळ पाण्यात चालणाऱ्या इंजिनाला मी वर्षाला एक धरतो. गिअर रॉडची जोड सोडवा, खालच्या पायाचे (पंखा आणि गिअर असलेल्या भागाचे) बोल्ट काढा, पाय सरळ खाली ओढा. वर पंपाचं घर दिसेल. इम्पेलरच्या पाकळ्या मोजा. एखादी तुटलेली असेल तर ती पाण्याच्या नळीत वर गेली आहे. ती शोधल्याशिवाय जोडू नका, नाहीतर नवा इम्पेलर असूनही इंजिन तापेल. पंपाच्या घरातली स्टीलची वाटी आणि खालची पट्टी नखाने तपासा. नख अडकेल एवढी चर पडली असेल तर तेही बदला. नवा इम्पेलर साबणाच्या पाण्याने ओला करा. त्याला साधं ग्रीस लावू नका, रबर फुगतं. शाफ्ट वरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरवत घर खाली बसवा, म्हणजे पाकळ्या बरोबर बाजूला वाकतात. इम्पेलर शाफ्टला अडकवणारी छोटी धातूची चावी शाफ्टच्या खाचेत बसली आहे ना, ते झाकण लावण्याआधी बघा. ती निसटली की पंप फिरतच नाही.

खाडीतून आल्यावर गोडं पाणी फिरवायचंच, त्याच दिवशी. सोसायटीत नळी लावू देत नसतील तर 200 लिटरचा निळा ड्रम घ्या. पाय त्यात उतरवा, पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीवर चार इंच पाणी हवं. न्यूट्रलमध्ये 10 मिनिटं चालवा, मग ड्रममध्येच पेट्रोलची नळी काढा आणि इंजिन आपोआप बंद होऊ द्या, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला हे जास्तच लागू आहे. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि महिनाभर उभ्या टाकीत ते पाणी तळाला बसतं. ट्रेलरसाठी शेतात वापरतात तो 16 लिटरचा फवारणी पंप उत्तम. धक्क्यावरच हब, कमानपाटे, यू-बोल्ट आणि विंच धुऊन होतात.

पेट्रोलमधल्या तेलाचं प्रमाण कंपनीने 50:1 दिलं असेल तर 10 लिटर पेट्रोलला 200 मिली, आणि तेल टीसी-डब्ल्यू3 खुणेचंच. स्कूटरचं टू-टी तेल हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्डात ते प्लगवर आणि पिस्टनवर काजळी बसवतं.

जिताड्यासाठी ब्रेड (बारीक धाग्यांची विणलेली) दोरी वापरत असाल तर दर दोन फेऱ्यांनी पंखा काढा. पंख्यामागे गुंडाळलेली दोरी शाफ्टचं सील कापते आणि पाणी गिअरमध्ये जातं. गिअरच्या घराचा खालचा स्क्रू सोडा, तेल दुधी दिसलं तर सील गेलंय. नवं तेल खालच्या भोकातून वर भरायचं, वरच्या भोकातून गळू लागेपर्यंत, म्हणजे आत हवा राहत नाही. दोन्ही स्क्रूंना नवे वायसर. इंजिनाऐवजी स्वतः गंजणारा झिंकचा ठोकळा निम्मा झिजला की बदला, आणि त्याला रंग कधीही लावू नका, रंगवलेला झिंक काम करत नाही.

नोंदणीबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. बोटीची नोंदणी लागते, ट्रेलरचीही आरटीओत. ऐरोली ते वाशी पुलादरम्यानचा पश्चिमेचा भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. तिथे वनविभागाला विचारल्याशिवाय जाऊ नका. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी असते. तो काळ बेअरिंग आणि इम्पेलरचा.

आता वेळ, कारण ट्रेलर रुतणं आणि हब बुडणं दोन्ही वेळेवर अवलंबून आहे. उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) इथे भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरच्या पुढे जातो. सुकतीला उताराचं टोक उघडं पडतं, खाली नुसता चिखल. गाडी मागे घेतली की चाकं शेवाळावरून घसरतात, ट्रेलर गाळात जातो. आणि जिताडा नेमका पाणी उतरू लागलं की तिवरांच्या चिंचोळ्या फाट्यांच्या तोंडाशी येतो, कारण पाण्याबरोबर बोईट आणि कोळंबी बाहेर पडतात. म्हणजे मासा लागतो तेव्हा धक्का हातातून जातो.

म्हणून उधाण सोडा आणि भांगाचे, म्हणजे अष्टमी-नवमीच्या आसपासच्या लहान भरतीचे दिवस धरा. फरक निम्म्यावर येतो, पाणी कमी गढूळ होतं, चार-पाच इंची ल्यूर (नकली मासा) माशाला दिसतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते: नवमीला पावणेसात. हा मुंबई बंदराचा ढोबळ हिशोब, पाऊण-एक तास इकडेतिकडे, आणि ठाण्याच्या टोकाला भरती थोडी मागून येते, म्हणून आदल्या रात्री भरतीचं कोष्टकही बघा. पाच-सव्वापाचला पोचा, वीस मिनिटं हब थंड होऊ द्या, चढत्या पाण्यात बोट उतरवा. सात ते साडेआठ फाट्याच्या तोंडावर, नऊच्या आत बोट ट्रेलरवर. 20-30 पौंडी ब्रेडला 40-50 पौंडी लीडर (गळाजवळचा जाड दोरीचा तुकडा) जोडा. जिताड्याच्या कल्ल्याचं झाकण ब्लेडसारखं असतं, बारीक दोरी तिथेच तुटते. बोटीत घेताना हात खालच्या जबड्यात घाला, कल्ल्याला लावू नका.