आधी त्याचं एटीएम कार्ड त्याला द्या

सलाम ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. ताई विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतात, मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, मिस्टर परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते, पाच वर्षांपूर्वी वारले. मोठी मुलगी लग्न होऊन नाशिकला. मुलगा 24 वर्षांचा, त्याला आपण आशिष म्हणू, बीकॉम आहे, ऐरोलीला एका कंपनीत बॅक ऑफिसला आहे, हातात 31 हजार येतात. तर या आशिषने एका ख्रिस्ती संस्थेच्या दहा महिन्यांच्या निवासी लीडरशिप प्रोग्रॅमला फॉर्म भरला, इंटरव्ह्यू दिला, सिलेक्टही झाला, आणि मग घरी सांगितलं. जूनपासून मीरा रोडला राहायचं, बारा-चौदा जण, मुलांचं घर वेगळं, मुलींचं वेगळं. आठवड्यातले चार दिवस कुठल्यातरी ऑफिसात नाहीतर संस्थेत इंटर्नशिप, एक दिवस क्लास, शनिवारी वस्तीत काम, प्रत्येकाला एक मेंटॉर, स्वयंपाकाच्या पाळ्या, रात्री सगळ्यांची मिळून प्रार्थना. राहणं-जेवण धरून फी 60 हजार, इंटर्नशिपचे महिन्याला 9 हजार मिळणार. हातातली नोकरी सोडावी लागणार.

ताई लिहितात, "मावशी, तुम्ही मोठ्या आहात, त्याला समजवा. एवढी चांगली नोकरी कुणी सोडतं का? हे नवीन खूळ कुठून आलं? आमच्या वेळी रविवारी चर्चमध्ये तरुण संघ असायचा, तेवढं पुरायचं. तिथे त्याला काय शिकवतील, कुठे नेतील, मला रात्र रात्र झोप नाही. त्याला व्यवहार कळत नाही हो, पैशाचं तर काहीच नाही, एटीएम कार्डही पहिल्यापासून माझ्याकडेच असतं, बँकेचे मेसेज माझ्याच मोबाईलवर येतात, तो मागतो तसे मी देते. उधळ्या पुत्रासारखं होऊ नये एवढीच माझी प्रार्थना आहे."

ताई, तुमचं चार पानी पत्र आहे. त्यात प्रोग्रॅमबद्दल दोन पानं, नोकरीबद्दल एक, मिस्टरांच्या आठवणींचं अर्ध. आणि एटीएम कार्डाचं एक वाक्य, तेही तुम्ही त्याच्या भोळेपणाचा पुरावा म्हणून लिहिलंय. मी त्याच वाक्यावर अडकून बसलेय.

चोवीस वर्षांचा मुलगा. तीन वर्षं नोकरी करतोय. रोज विक्रोळी ते ठाणे, ठाण्याला गाडी बदलून ऐरोली, तुम्हीच लिहिलंय की सकाळी सातला निघतो. आणि त्याच्या पगाराचं कार्ड तुमच्या पर्समध्ये. बँकेत नंबर तुमचा आहे म्हणजे त्याच्या मोबाईलवर जीपेसुद्धा चालू होणार नाही, कारण यूपीआयला बँकेत दिलेला नंबरच लागतो. म्हणजे ऑफिसखाली टपरीवर सगळे जण चहाचं स्कॅन करतात तेव्हा हा काय करत असेल ते तुम्ही कधी डोळ्यांसमोर आणलंय का? खिशातली तुम्ही दिलेली शंभरची नोट काढतो, टपरीवाला सुट्टे नाहीत म्हणतो, मग कुणीतरी मित्र म्हणतो राहू दे रे मी देतो. रोज. तीन वर्षं. मला हे लिहितानाही घशात दाटून येतंय.

आणि तुम्ही मला सांगता त्याला व्यवहार कळत नाही. कळेल कुठून ताई? व्यवहार हातात पैसे आल्यावर कळतो, थोडे चुकल्यावर कळतो. 20 तारखेला खातं रिकामं झालं, आता दहा दिवस डबा नेऊ, असं एकदा झालं की पुढच्या महिन्यात आपोआप कळतं. ते एकदा तुम्ही त्याला होऊच दिलं नाहीत.

तुमची परिस्थिती मला कळत नाही असं नाही. मिस्टर गेले, मुलगा एकोणीसचा होता, घर तुमच्यावर आलं. पण तुम्हीच लिहिलंय की रेल्वेची फॅमिली पेन्शन येते, घर स्वतःचं आहे, मुलीच्या लग्नाचं कर्ज गेल्या दिवाळीत फिटलं. म्हणजे घर चालवायला ते कार्ड हवंच होतं ते दिवस संपलेत, आणि कार्ड अजून पर्समध्येच आहे. म्हणून मी तुम्हाला बिचारी म्हणणार नाही. ते म्हणायला तुमच्या चर्चच्या मंडळीत पन्नास बायका आहेत, रविवारी उपासना सुटल्यावर त्या म्हणतच असतील.

आता उधळ्या पुत्राचं. हा दृष्टांत तुम्ही लिहिलात ते बरं केलंत, कारण आपल्या लोकांना तो पाठ असतो आणि पाठ असतो म्हणूनच कुणी नीट वाचत नाही. बायबलमध्ये लूक 15 काढा, आज रात्रीच काढा. पहिली गोष्ट, धाकटा म्हणतो माझा वाटा द्या, आणि बाप देतो. तुला व्यवहार कळत नाही असं म्हणत नाही, कार्ड माझ्याकडे राहू दे म्हणत नाही. तो पोरगा उधळणार हे बापाला कळत नसेल का? तरी देतो.

पण माझा मुद्दा त्याच्याही पुढचा आहे. तुमचा आशिष हा धाकटा मुलगा नाहीच आहे. तो थोरला आहे. जो घरीच राहिला, शेतात राबला, बापाचा शब्द मोडला नाही. 29वं वचन बघा काय आहे ते. थोरला म्हणतो, इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय, तुमची आज्ञा कधी मोडली नाही, पण मित्रांबरोबर आनंद करायला तुम्ही मला कधी एक करडूसुद्धा दिलं नाहीत. एक करडू, ताई. बाप म्हणतो, अरे माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे. तुम्हीही हेच म्हणाल, हे सगळं त्याचंच तर आहे, त्याच्याच लग्नासाठी ठेवतेय, आरडी त्याच्यासाठीच केलीय. बरोबर आहे, पण सगळं त्याचं असून हातात करडूसुद्धा नाही, हेच तर त्या थोरल्याचं दुखणं होतं. आणि शेवटी, धाकटा सगळं उधळून परत येतो, बाप त्याच्यासाठी मेजवानी घालतो, तेव्हा हा थोरला घराच्या बाहेर उभा असतो, आत यायला तयार नसतो. तो आत गेला की नाही ते दृष्टांतात लिहिलेलंच नाही. फक्त एवढं लिहिलंय की बाप स्वतः उठून बाहेर आला.

तुमचा मुलगा आत्ता दारात उभा आहे. मीरा रोड हे फक्त त्या दाराबाहेरचं ठिकाण आहे.

तुम्ही याला नवीन खूळ म्हणालात म्हणून सांगते, हे नवीन नाही. 1844 साली लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स नावाच्या कापड दुकानातल्या 22 वर्षांच्या नोकराने सोबतच्या पोरांना घेऊन वायएमसीए ही तरुणांची ख्रिस्ती संघटना सुरू केली, कारण शहरात कामाला आलेल्या पोरांना काम संपल्यावर जायला धड जागा नव्हती. आणि आपल्याच घरातलं उदाहरण घ्या, पंडिता रमाबाई. 1889 ला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं, मग केडगावला मुक्ती मिशन. तिथे बायका-मुली एकत्र राहायच्या, प्रार्थना करायच्या आणि हाताने काम शिकायच्या, विणकाम, छापखाना, गाईगुरं. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं त्याचे छपाईचे खिळे तिथल्या मुलींनीच जुळवलेत. विश्वास, एकत्र राहणं आणि कमावतं होणं या तीन गोष्टी एका छताखाली आणायची कल्पना आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वीपासून आहे. हल्ली अमेरिकेत काही चर्चेस कॉलेज संपलेल्या पोरांसाठी असंच नऊ-एक महिन्यांचं चालवतात, आठवड्यातले काही दिवस नोकरी, बाकी अभ्यास, एक मेंटॉर, आणि राहायचं एकत्र नाहीतर मंडळीतल्या एखाद्या कुटुंबात. आशिषचा प्रोग्रॅम त्याच धर्तीवरचा दिसतोय. तो पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, होऊन येईल ही भीती असेल तर काढून टाका, त्यासाठी पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या ठिकाणी काही वर्षं काढावी लागतात. हे दहा महिने आहेत, आणि माझ्या मते त्यातला सगळ्यात मोठा धडा क्लासरूममध्ये नाहीच, बुधवारी स्वयंपाकाची पाळी आपली असताना चौदा जणांची भाजी ठरलेल्या पैशात कशी आणायची, आणि मीठ जास्त झालं तर चौदा जणांसमोर कसं उभं राहायचं, तो आहे.

आता तुम्ही म्हणाल मावशी त्या संस्थेची बाजू घेते. अजिबात नाही. ती संस्था मला माहीत नाही, चांगली असेल, नसेलही. चौकशी झालीच पाहिजे, पण ती आशिषने करायची. तुम्ही नाही, जावयाने नाही, पाळकसाहेबांनीही नाही. त्याला हे पत्र दाखवा, पुढचं त्याच्यासाठी आहे.

आशिष बाळा, पैसे भरायच्या आधी एक रविवार तिथे जाऊन ये, सोबत आईला ने, जेवून या. गेल्या वर्षीच्या बॅचमधल्या दोघांशी बोल, आणि त्यांचे नंबर संस्थेने दिले नाहीत तर तेच उत्तर समज. ट्रस्ट असेल तर महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे रजिस्टर असतो, मुख्य ऑफिस वरळीला आहे, रजिस्ट्रेशन नंबर माग, फीची पावती ट्रस्टच्याच नावाची हवी, कुणा एकाच्या खात्यात पैसे टाकायचे नाहीत. मध्येच सोडलं तर फीचं काय होणार ते लेखी घे. ओरिजिनल मार्कशीट कुणाकडेही ठेवायला देऊ नकोस, झेरॉक्स दे. फोन काढून घेतात का, घरी कधी येता येतं, इंटर्नशिप नक्की कुठल्या ऑफिसात आणि तिथे काम काय, हे सगळं तोंडावर विचार. प्रभूच्या नावाने काम करणाऱ्याला हिशोब विचारला तर त्याला राग यायचं कारण नाही, आणि ज्याला येतो त्याच्याकडे राहायला जाऊ नये. नोकरी सोडताना नोटीस पिरियड पूर्ण कर, रिलिव्हिंग लेटर हातात घे, पीएफ काढू नकोस, यूएएन म्हणजे पीएफचा नंबर पुढेही तोच राहतो. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो, त्यात आईचं नाव असेल तर तिची वेगळी पॉलिसी आधी काढ, कारण नवीन पॉलिसीत पहिले 30 दिवस अपघात सोडून बाकी आजाराला कव्हर नसतं.

आणि सिलेक्ट झाल्यावर घरी सांगितलंस ते मला आवडलं नाही. का लपवलंस ते समजतं, तरी आवडलं नाही. आईला एकदा सॉरी म्हण.

ताई, परत तुमच्याकडे येते. 1983 ला मला फोर्टमध्ये टायपिस्टची नोकरी लागली. पगाराचं पाकीट न फोडता वडिलांच्या हातात द्यायचे, आमच्याकडे सगळेच तसं करायचे, त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. बसच्या पाससाठी मागायचे, सँडलसाठी मागायचे. वडिलांनी एकदाही नाही म्हटलं नाही, देव माणूस. पण मागताना मान जी खाली जायची ना, ती अजून आठवते. शेवटी माझ्या आत्याने पोस्टात नेऊन माझ्या नावाचं खातं काढून दिलं, 50 रुपये टाकले आणि पासबुक माझ्या हातात ठेवलं. ते पासबुक मी उशीखाली घेऊन झोपायचे. मी घर सोडून कुठे पळून गेले नाही. उलट त्या महिन्यापासून घरात पैसे देताना मला पहिल्यांदा वाटलं की मी देतेय. आशिषने आजवर तुम्हाला काही दिलेलंच नाही ताई, कारण तो द्यायच्या आधीच तुम्ही घेतलेलं असतं. तो देईल तेव्हा कसं वाटतं ते बघा तरी.

त्यामुळे प्रोग्रॅमला हो म्हणू की नको हा प्रश्नच मी बाजूला ठेवतेय. त्याचं उत्तर तुम्ही द्यायचं नाही आणि मीही नाही. तुम्हाला एकच काम सांगते. आज रात्री जेवणं झाली की कार्ड आणि पासबुक त्याच्यापुढे ठेवा. जपून वापर, तुझ्या लग्नासाठीच ठेवलं होतं, यातलं एक अक्षरही बोलू नका, नुसतं म्हणा, हे तुझं आहे, माझ्याकडे जास्त दिवस राहिलं. मग तो रडेल, नाहीतर काहीच बोलणार नाही, काहीही करो, तुम्ही भांडी घासायला उठा. आरडीचं नंतर बघू, ती तुमच्या नावावर आहे, त्यातून फी द्यायची की नाही हे तो मागेल तेव्हा बोला. घरात महिन्याला काय हवं ते मात्र त्याला आकड्यात सांगा, पेन्शन इतकी, खर्च इतका, कमी इतके पडतात. मोठ्या माणसाला सांगतात तसं.

येत्या शनिवारी, दुसरा-चौथा नसेल तर, त्याच्याबरोबर बँकेत जा, नंबर बदलायचा फॉर्म भरून त्याचा नंबर लावून घ्या. येताना वाटेत एटीएम लागेल. तुम्ही बाहेर सावलीत थांबा, आत त्याला एकट्याला जाऊ द्या, आणि पिन बदलून तो बाहेर आला की नवीन काय ठेवला ते विचारू नका.