लहान मुलांच्या हार्ट सर्जरीतली भूल: ट्रेनिंगबद्दल तुमचे प्रश्न

पेडियाट्रिक कार्डियाक अॅनेस्थेशियाच्या, म्हणजे याच भुलीच्या फेलोशिपवर (एमडीनंतरचं खास ट्रेनिंग) बरेच प्रश्न आलेत, त्यातले चार घेतेय. शेवटचा डॉक्टरांचा नाही, एका आईचा आहे.

एमडी अॅनेस्थेशिया नुकतंच झालं. लहान मुलांच्या हृदयाचंच काम करायचंय. डीएम करू की डायरेक्ट फेलोशिप? (नांदेड)

तीन वर्षं काढता येत असतील तर डीएम किंवा डीआरएनबी कार्डियाक अॅनेस्थेशिया करा. त्यासाठी प्रवेशपरीक्षा नीट-एसएस, आणि एम्स, पीजीआय वगैरेंसाठी आयएनआय-एसएस. ही सुपरस्पेशालिटी डिग्री आहे, पुढे मेडिकल कॉलेजात याच विषयात शिकवायचं असेल तर ती कामाला येते. पण एक लक्षात ठेवा, बऱ्याच ठिकाणी या तीन वर्षांतला मोठा भाग मोठ्या माणसांच्या बायपास आणि व्हॉल्व्हच्या केसेसमध्ये जातो, मुलांचं पोस्टिंग त्यामानाने थोडं असतं, म्हणून डीएम झाल्यावरही लोक मुलांच्या सेंटरला वेगळी फेलोशिप करतात. घरची परिस्थिती किंवा वय बघता तीन वर्षं शक्य नसतील तर एमडीनंतर थेट चांगल्या हॉस्पिटलची फेलोशिप घ्या, हात नक्की तयार होतो. फक्त तो कागद डीएमच्या बरोबरीचा नाही हे आधीच माहीत असू द्या, आणि कोर्स नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा आहे की नुसता हॉस्पिटलचा, हे अॅडमिशन घेण्याआधी विचारा.

आधी पेडियाट्रिक अॅनेस्थेशिया शिकावं की आधी कार्डियाक? अमेरिकेत कसं असतं? (पुणे)

तिकडे रेसिडेन्सीनंतर बहुतेक जण एक वर्ष पेडियाट्रिक अॅनेस्थेशियाची फेलोशिप करतात आणि मग मुलांच्या हृदयासाठी आणखी ट्रेनिंग घेतात, काही जण अॅडल्ट कार्डियाककडूनही येतात. या विषयाची त्यांची वेगळी सोसायटी 2005 मध्ये निघाली, म्हणजे स्वतंत्र शाखा म्हणून हा विषय तिथेही तसा नवाच. माझं मत विचाराल तर आधी लहान मूल शिका. फाँटनचं (एकच पंप असलेल्या हृदयावरच्या ऑपरेशनचं) फिजिऑलॉजी रात्री पुस्तक घेऊन बसलं की समजतं हो, पण अडीच किलोच्या बाळाच्या मनगटात आर्टेरियल लाईन (धमनीतली बारीक नळी) टाकायला पुस्तक शिकवत नाही.

सेंटर निवडताना काय बघू? आणि खरं सांगायचं तर नवजात बाळांची मला भीती वाटते. (संभाजीनगर)

वर्षाला किती केसेस हा आकडा सगळेच सांगतात, त्यावर जाऊ नका. एक महिन्याच्या आतली बाळं किती होतात ते विचारा. नुसतेच एएसडी-व्हीएसडी (हृदयाच्या पडद्यातली भोकं) बंद करणाऱ्या ठिकाणी वर्ष काढलंत तर आर्टेरियल स्विच किंवा टीएपीव्हीसीसारख्या अवघड ऑपरेशनचं बाळ समोर आलं की अडचण होते. इंडक्शन (भूल सुरू करणं) आणि लाईन्स फेलो स्वतः करतो की कन्सल्टंटच्या मागे उभा राहतो? टीईईचा (अन्ननलिकेतून हृदयाची सोनोग्राफी) प्रोब हातात मिळतो का? कॅथ लॅब (नळीतून हृदयाची तपासणी-उपचार) आणि एमआरआयच्या केसेस मिळतात का? आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं, फेलोला आयसीयूत नाईट ड्युटी असते का. कारण ओटीत तुम्ही जे केलं त्याचा हिशोब पहाटे तीन वाजता आयसीयूत दिसतो, लॅक्टेट (शरीराला रक्त कमी पडतंय याची खूण) चढलं, लघवी कमी झाली, तेव्हा जो बाळाजवळ उभा असतो तोच शिकतो. हे सगळं एचओडींना नका विचारू, तिथल्या चालू फेलोला फोन करा.

भीतीचं म्हणाल तर ती असू दे, ती माणसाला सावध ठेवते. तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्तच असतं साधारण अडीचशे मिली, म्हणजे गॉजमध्ये दहा मिली गेलं तर मोठ्या माणसाचं दोनशे मिली गेल्यासारखं. म्हणून आम्ही लाईन जोडण्याआधी थ्री-वे (नळ्यांच्या जोडावरची तोटी) टिचक्या मारून, उजेडात धरून बघतो, एक बुडबुडासुद्धा ठेवत नाही, कारण हृदयात भोक असलं तर तो फुफ्फुसात न अडकता थेट मेंदूत जाऊ शकतो. आणि सिंगल व्हेंट्रिकलच्या (हृदयात एकच पंप असलेल्या) बाळाचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) 80 टक्के दिसलं की नवीन माणसाचा हात आपोआप ऑक्सिजन वाढवायला जातो, तिथे थांबायचं, कारण ऑक्सिजनने फुफ्फुसाच्या नळ्या सैल पडतात, रक्त तिकडेच पळतं आणि शरीराला कमी पडतं. त्या बाळासाठी 75 ते 85 हेच बरोबर. एरवीच्या भूलशास्त्रात लागलेली सवय इथे उलटी करावी लागते, आणि ती वाचून नाही, कोणीतरी शेजारी उभं राहून हात धरला की बदलते. शिकता शिकता हे काम करणारे तुम्ही पहिले नाही: 1944 मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये पहिलं ब्लॅलॉक-टॉसिग शंट (निळ्या बाळांच्या फुफ्फुसात जास्त रक्त नेणारं ऑपरेशन) झालं, त्या निळ्या बाळाला भूल देणारे मेरेल हार्मेल तेव्हा ट्रेनिंगमध्येच होते, आणि 1946 मध्ये त्यांनी ऑस्टिन लॅमाँटबरोबर अशा शंभर मुलांच्या भुलीचा अनुभव छापला. तेव्हा ना पल्स ऑक्सिमीटर होता ना टीईई.

मुलगी दोन वर्षांची, टीओएफ (निळं पडण्याचा जन्मजात हृदयरोग) आहे, अंगणवाडीच्या तपासणीत सापडलं, ऑपरेशन योजनेतून आहे. "फेलो डॉक्टर पण असतील" म्हणाले. म्हणजे शिकाऊ माणूस भूल देणार का? (सातारा)

ताई, तुमची काळजी रास्त आहे. फेलो म्हणजे एमबीबीएस आणि भूलशास्त्राचं एमडी वगैरे पूर्ण केलेला डॉक्टर, तो या एका कामात आणखी तयार होत असतो, आणि त्याच्यासोबत सीनियर कन्सल्टंट असतात. तरी तुम्ही स्पष्ट विचारा, "भूल देताना कन्सल्टंट कोण असणार?" योजनेतून आलात म्हणून हे विचारायला संकोच करू नका, हा तुमचा हक्कच आहे. तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. सर्दी-खोकला, ताप असेल तर तारीख जाईल म्हणून लपवू नका. आणि उपाशी ठेवायचं म्हणून तिला रात्रभर पाण्याविना ठेवू नका, टीओएफच्या मुलांचं रक्त आधीच घट्ट असतं, पाणी कमी पडलं की निळं पडण्याचा झटका येऊ शकतो. साधारणपणे साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, आईचं दूध चार तास आणि वरचं दूध सहा तास आधीपर्यंत चालतं, पण तिची नेमकी वेळ भूलतज्ज्ञांकडून कागदावर लिहून घ्या. मधे कधी निळी पडलीच तर गुडघे छातीशी दाबून धरा, शांत करा आणि लगेच दवाखाना गाठा.