इंडोनेशियातल्या सुंबा बेटावर, समुद्रकाठच्या गावात, भारतीय माणूस स्वतःच्या नावावर जमीन घेऊ शकतो का?

नाही, मालकी हक्काने घेता येत नाही. १९६० च्या तिथल्या जमीन कायद्यानुसार ‘हाक मिलिक’, म्हणजे पूर्ण मालकी, परदेशी नागरिकाला मिळत नाही. ‘ओळखीच्या स्थानिकाच्या नावावर घ्या’ असं दलाल सुचवतील, पण कलम २६ नुसार असा व्यवहार रद्दबातल ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसेही परत मागता येत नाहीत. तेव्हा त्या वाटेला जाऊच नका. तिथे राहण्याचा परवाना असेल तर ‘हाक पाकाई’ हा मुदतीचा वापर हक्क किंवा भाडेपट्टा मात्र मिळू शकतो. तरी सुंबात बरीच जमीन अख्ख्या भावकीची असते. एकाच्या सहीवर विसंबू नका.